खेळण्यांतील विटा : अस्सल आणि नक्कल

खेळणीं हा विषय कांहींना पोरकट वाटण्याचा संभव आहे. ज्या घरांत मूल आहे त्या घरांत मात्र तो तसा वाटणार नाहीं. कारण खेळण्यांवर होणारा खर्च, त्यांची मोडतोड आणि त्यांपायीं होणारी रडारड हीं तिन्ही त्या घराच्या चांगलीं परिचयाचीं असतात. आज मी ज्या खेळण्याविषयीं बोलणार आहें तें म्हणजे एकमेकींत अडकवून घरें, पूल आणि गाड्या रचावयाच्या प्लॅस्टिकच्या रंगीत विटा. डेन्मार्कमधील लेगो कंपनीनें या विटांना जगभर नांव मिळवून दिलें, आणि त्या नांवाच्या पाठोपाठ त्यांच्या नकलाहि जगभर पसरल्या. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास किंवा पुण्याच्या तुळशीबागेंत एक फेरी मारली तर त्या नकलांचे डबे दुकानांत रचलेले दिसतील.

हा विषय मला सुचला तो एका घरगुती प्रसंगावरून. माझ्या सात वर्षांच्या नातवाला वाढदिवसाला एका नातलगानें अशा विटांचा एक भला मोठा डबा भेट दिला. डब्यावर एका पुलाचें सुंदर चित्र होतें, आणि आंत तो पूल बांधण्याची सचित्र कृति होती. दोन संध्याकाळीं मुलगा मान खालीं घालून बसला होता. तिसऱ्या संध्याकाळीं पूल पुरा होत आला आणि मधोमध तुटला. त्यानें तो पुन्हां बांधला, पुन्हां तुटला. मग "आजोबा, मला हें जमत नाहीं," असें म्हणून त्यानें डबा पलंगाखालीं सारून दिला.

त्या वाक्यानें मी अस्वस्थ झालों. खुर्चीचा पाय डगडगला तर आपण सुताराला बोल लावतों. लहान मुलाला ही युक्ति ठाऊक नसते. हातांतली वस्तु सदोष असूं शकते हें त्याच्या मनांत येत नाहीं. तें दोष स्वतःकडे घेतें. तेव्हां पूल पडला तो मुलाच्या चुकीनें कीं विटांच्या, एवढें तरी ठरविलें पाहिजे असें मला वाटलें. मीं शेजाऱ्यांकडून अस्सल विटा थोड्या उसन्या आणल्या आणि दोन्ही प्रकार टेबलावर शेजारीं शेजारीं ठेवले. रंग तोच, आकार तोच, वरच्या गुंड्यांची संख्याहि तीच. डोळ्यांना भेद दिसेना. बोटांना मात्र तो तत्काळ कळला. अस्सल विटांचा दहा थरांचा खांब एका टोकाला धरून आडवा केला तरी ताठ राहिला. डब्यांतल्या विटांचा तसाच खांब आडवा करतांच दोन विटा गळून पडल्या, आणि तिसरी एवढी घट्ट बसली होती कीं ती सोडवितांना माझें नख दुखावलें. एकाच डब्यांतली एक वीट सैल आणि दुसरी घट्ट, हें कसें होतें? या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जें हातीं लागलें तेंच आज आपल्यापुढें मांडतों.

प्रथम या विटेचा इतिहास थोडक्यांत पाहूं. डेन्मार्कमध्यें बिलुंड नांवाच्या गांवीं ओले किर्क ख्रिस्तियानसेन नांवाच्या सुतारानें १९१६ सालीं एक कारखाना विकत घेतला. घरें बांधणें आणि लांकडी सामान करणें हा त्याचा धंदा होता. पुढें जागतिक मंदी आली, घरें बांधून घेणारीं गिऱ्हाइकें उरलीं नाहींत, आणि १९३२ सालीं तो लांकडी खेळणीं करूं लागला. दोन वर्षांनीं त्यानें, 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांचीं पहिलीं अक्षरें जोडून, आपल्या मालाला 'लेगो' हें नांव दिलें. त्याच्याविषयींची एक गोष्ट ती कंपनी अजून अभिमानानें सांगते. त्याच्या गॉटफ्रेड नांवाच्या मुलानें एकदां लांकडी बदकांवर रोगणाचे तीन हात देण्याऐवजीं दोनच दिले, आणि पैसे वांचविल्याचें बापाला आनंदानें सांगितलें. बापानें त्याला स्टेशनावर परत पाठविलें, रवाना करावयाचीं बदकें माघारीं आणविलीं आणि रात्रीं बसून तिसरा हात द्यावयास लाविलें. गोष्टींत थोडी मीठमिरची असेलहि. परंतु आजच्या आपल्या विषयाचें बीज तिच्यांत आहे, म्हणून ती लक्षांत ठेवावी.

यापुढचा भाग मात्र अनेकांना ठाऊक नसतो. एकमेकींत बसणारी प्लॅस्टिकची वीट ही मूळ कल्पना लेगोची नव्हे. हिलरी फिशर पेज नांवाच्या इंग्रज गृहस्थानें आपल्या किडिक्राफ्ट कंपनीतर्फे १९४७ सालीं तशा विटा बाजारांत आणल्या होत्या आणि ब्रिटनमध्यें त्यांचें पेटंटहि घेतलें होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर लेगोनें प्लॅस्टिक साच्यांत भरण्याचें यंत्र विकत घेतलें, त्या सुमारास पेजच्या विटांचे नमुने बिलुंडला पोंचले. त्यांत थोडाफार फेरफार करून लेगोनें १९४९ सालीं आपल्या विटा काढल्या. म्हणजे आज जिच्या नकला होतात ती वीट आपल्या जन्मीं स्वतःच एक नक्कल होती! पेज १९५७ सालीं वारला. किडिक्राफ्टच्या विटेचे उरलेसुरले हक्क लेगोनें १९८१ सालीं विकत घेतले.

असें असतां, अस्सल आणि नक्कल हा भेद तरी कशाच्या बळावर करावयाचा, असा प्रश्न आपण विचाराल. त्याचें उत्तर १९४९ ते १९५८ या नऊ वर्षांत आहे. पेजची वीट आणि लेगोची पहिली वीट या दोन्ही आंतून पोकळ होत्या. त्या एकमेकींवर बसत, पण एकमेकींना धरीत नसत. मुलानें केलेलें घर उचलून दुसरीकडे ठेवावें तर वाटेंत त्याचे तुकडे होत. या दोषावर कारखान्यांत वर्षानुवर्षें प्रयोग चालले. अखेर विटेच्या पोटांत पोकळ नळ्या बसविण्याची युक्ति सांपडली, आणि २८ जानेवारी १९५८ रोजीं गॉटफ्रेडनें डेन्मार्कमध्यें तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं, मार्च महिन्यांत, त्याचा बाप निवर्तला. त्या सालची वीट आजच्या विटेवर बसते. नक्कल करून न थांबतां मूळ वस्तूचा दोष काढून टाकण्याचें हें काम लेगोनें केलें, आणि आजच्या हलक्या नकला नेमकें हेंच काम टाळतात.

आतां ही पकड कशी साधते तें पाहूं. ज्यांच्या घरीं अशी वीट असेल त्यांनीं ती अवश्य हातांत घ्यावी. चार-चार गुंड्यांच्या दोन ओळी असलेली वीट सर्वांत परिचित. तिच्या शेजारशेजारच्या दोन गुंड्यांच्या मध्यांमधील अंतर ८ मिलिमीटर असतें. गुंडीचा व्यास ४.८ मिलिमीटर आणि विटेची उंची ९.६ मिलिमीटर. लांबी मात्र बरोबर ३२ मिलिमीटर न ठेवतां ३१.८ ठेवतात, दोन्ही टोकांना एकदशांश मिलिमीटर जागा सोडल्यामुळें शेजारीं बसविलेल्या विटा एकमेकींना ढकलीत नाहींत. वीट उलटी केली म्हणजे आंत तीन नळ्या दिसतात.

एक वीट दुसरीवर दाबली कीं वरच्या विटेची नळी खालच्या विटेच्या चार गुंड्यांच्या मधोमध उतरते. शाळेंत शिकलेली भूमिति येथें उपयोगीं पडते. चार गुंड्यांचे मध्य हे एका चौरसाचे कोपरे होत. चौरसाची बाजू ८ मिलिमीटर, म्हणून कर्ण ११.३१ मिलिमीटर. त्या कर्णावर दोन टोकांना अर्धी अर्धी गुंडी, म्हणजे एकूण ४.८ मिलिमीटर, जागा व्यापते. बाकी उरतात ६.५१ मिलिमीटर, नळीचा बाहेरचा व्यास तेवढाच ठेवलेला असतो. अशा रीतीनें प्रत्येक गुंडीला तीन बाजूंनीं आधार मिळतो. कोपऱ्यांतल्या गुंडीला दोन भिंती आणि एक नळी स्पर्श करते. मधल्या गुंडीला एक भिंत आणि दोन नळ्या. तिवई जशी खडबडीत जमिनीवरहि डगडगत नाहीं, तशी तीन ठिकाणीं धरलेली गुंडी हालत नाहीं.

आतां समजा, कारखान्यांत थोडी हयगय झाली आणि गुंडीचा व्यास ४.८ ऐवजीं ४.७५ मिलिमीटर झाला. मग चार गुंड्यांमधली जागा ६.५६ होईल, नळी तींत सैल पडेल आणि वीट गळून पडेल. उलट व्यास ४.८५ झाला तर जागा ६.४६ उरेल; नळी तींत कोंबावी लागेल आणि वीट नखांनीं निघणार नाहीं. हा सारा फरक मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपासचा आहे. माझ्या नातवाच्या डब्यांत एक वीट सैल आणि दुसरी घट्ट कां होती, याचा उलगडा मला येथें झाला. त्या विटा मोठ्या आहेत कीं लहान हा प्रश्नच नव्हता. त्या एकसारख्या नव्हत्या, हा त्यांचा खरा दोष होता. अस्सल विटांचे साचे मिलिमीटरच्या हजारांशांत मोजण्याइतके अचूक ठेवतात तें याचसाठीं.

हा एकसारखेपणा महाग कां पडतो, हें समजण्यासाठीं वीट कशी बनते तें पाहिलें पाहिजे. प्रारंभीं या विटा सेल्युलोज ॲसिटेट नांवाच्या पदार्थाच्या होत्या. त्या कांहीं वर्षांत वांकत व त्यांचा रंग उडे. म्हणून १९६३ सालापासून ए.बी.एस. या नांवानें ओळखलें जाणारें प्लॅस्टिक वापरण्यास सुरुवात झाली. त्यांत तीन द्रव्यें एकत्र नांदतात. अ‍ॅक्रिलोनायट्राइलमुळें कठीणपणा येतो, ब्यूटाडाईन या रबरी द्रव्यामुळें चिवटपणा येतो आणि स्टायरीनमुळें तकाकी येते. विटेला हे तिन्ही गुण हवेत. कारण पकड म्हणजे अखेर काय? वीट दाबतांना तिची भिंत आणि नळी किंचित् दबतात आणि मूळ ठिकाणीं परत येऊं पाहतात. परत येण्याची ही ओढ म्हणजेच पकड. नुसतें स्वस्त पॉलिस्टायरीन वापरलें तर वीट चकचकीत दिसते, पण ठिसूळ असते आणि कोपऱ्याशीं तडकते. पॉलिप्रॉपिलीनसारखें मऊ प्लॅस्टिक वापरलें तर ती मेणचट लागते, आणि थोडे दिवस वापरल्यावर तिची ओढ ढिली होते. कारखान्यांतला टाकाऊ भुगा पुन्हां पुन्हां वितळवून घातला तर चिवटपणा देणारें रबरी द्रव्य उष्णतेनें निकामी होत जातें.

पदार्थाच्या पाठोपाठ कृतीची पाळी. प्लॅस्टिकचे दाणे २३० अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापवून, तो पातळ रस मोठ्या दाबानें पोलादी साच्यांत भरतात. तो थिजतांना आंखडतो. ए.बी.एस.चें हें आंखडणें शेंकडा अर्ध्याच्या आसपास असतें, म्हणून साचा त्या मानानें मोठा करावा लागतो. हें आंखडणें दर वेळीं तंतोतंत तेवढेंच व्हावें अशी व्यवस्था ठेवणें ही खरी कसोटी आहे. रस कमी तापला, दाब कमी पडला, किंवा घाईनें वीट पुरती थंड होण्याआधींच बाहेर काढली, तर आंखडण्यांत फरक पडतो. हजारांत एक एवढाच फरक धरा. सोळा गुंड्यांची लांब पट्टी १२८ मिलिमीटरची असते. तिच्यांत तो फरक एकअष्टमांश मिलिमीटर होतो, आणि एका घाण्याची पट्टी दुसऱ्या घाण्याच्या पट्टीवर सरळ बसत नाहीं. आमच्या पुलाच्या लांब पट्ट्या मधोमध फुगीर कां दिसत होत्या, याचें कारण बहुधा हेंच असावें. त्यांतच साचा झिजला असेल तर त्याच्या दोन अर्धुकांच्या फटींतून रस बाहेर येऊन विटेच्या कडेला पातळ पापुद्रा उरतो. तो बोटाला खुपतो आणि विटेला नीट टेकूंहि देत नाहीं. चांगला साचा करणें आणि तो झिजतांच बदलणें हें अतिशय खर्चाचें काम आहे. हलका माल करणारा कारखानदार जो पैसा वांचवितो तो येथें, बदकांवरच्या रोगणाच्या तिसऱ्या हातांत.

येथवर ऐकून, अशा नकला कायद्यानें बंद कां होत नाहींत, असें आपल्या मनांत येईल. येथें थोडा विवेक केला पाहिजे. पेटंट हें कायमचें वतन नसतें. संशोधकानें आपली युक्ति जगाला सांगावी आणि त्याच्या मोबदल्यांत कांहीं वर्षें तिचा एकट्यानें लाभ घ्यावा, असा तो करार आहे. लेगोच्या विटेचें अमेरिकेंतील पेटंट १९६१ सालीं मिळालें व १९७८ सालीं संपलें. त्यानंतर तशी वीट करण्यास इतर कंपन्या मोकळ्या झाल्या. लेगोनें अन्य मार्गांनीं हा हक्क राखण्याची पुष्कळ खटपट केली. जुनीं चित्रें किरकोळ फेरफारानें पुन्हां काढलीं म्हणून त्यांवर नवा लेखाधिकार उत्पन्न होत नाहीं, असा निकाल १९८८ सालीं हाँगकाँगहून आलेल्या अपिलांत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें दिला. २००५ सालीं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें, आणि २०१० सालीं युरोपियन न्यायालयानें, गुंड्यांची रचना ही कामासाठीं आवश्यक असलेली रचना आहे, ती व्यापारचिन्ह म्हणून कोणा एकाच्या मालकीची होऊं शकत नाहीं, असें ठरविलें. लेगोचीं लहान लहान माणसें मात्र निराळीं. त्यांची आकृति व्यापारचिन्ह म्हणून २०१५ सालीं युरोपांतील न्यायालयानें मान्य ठेवली.

तेव्हां बाजारांतील परक्या विटांचे तीन वर्ग करणें न्याय्य होईल. पहिला वर्ग, स्वतःच्या नांवानें, स्वतःच्या कल्पनेनें आणि नीट मापानें विटा करणाऱ्यांचा. त्यांना नक्कल म्हणून हिणविण्याचें कारण नाहीं; पेजचें उदाहरण लक्षांत ठेवलें तर लेगोलाहि तसें म्हणतां येणार नाहीं. दुसरा वर्ग, कायद्यानें निर्दोष परंतु मापानें व मालानें हलक्या विटांचा. तिसरा वर्ग, दुसऱ्याचें नांव, दुसऱ्याचीं चित्रें आणि दुसऱ्याची संपूर्ण रचना चोरून विकणाऱ्यांचा. या तिसऱ्या वर्गांतील प्रसिद्ध उदाहरण चीनमधील लेपिन या छापाचें. लेगोच्या डब्यांतील रचना, कृतिपुस्तिका आणि डब्यावरचें चित्र हीं सारीं जशींच्या तशीं उचलून तो माल विकला जाई. एप्रिल २०१९ मध्यें पोलिसांनीं त्याच्या कारखान्यावर छापा घातला, आणि सप्टेंबर २०२० मध्यें शांघायच्या न्यायालयानें नऊ जणांना शिक्षा सुनावल्या. मुख्य आरोपीला सहा वर्षांची कैद व ९ कोटि युआन दंड झाला. चोरी ती चोरीच. परंतु घरांतल्या मुलाच्या दृष्टीनें दुसरा वर्गहि तितकाच त्रासदायक आहे, आणि तो न्यायालयांत कधींच हजर होत नाहीं.

याहून गंभीर बाब म्हणजे मुलाच्या जिवाची. तीन वर्षांखालील मूल हातांत आलेली वस्तु तोंडांत घालतें. म्हणून खेळण्यांच्या परीक्षेंत एक ठराविक पोकळ नळकांडें वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो आणि त्याचा तळ तिरपा असतो. जो तुकडा त्यांत पूर्ण मावतो तो तान्ह्या मुलाच्या घशांत अडकूं शकतो असें समजतात. लहान विटा त्यांत सहज मावतात; म्हणून त्या कितीहि अस्सल असल्या तरी तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं देऊं नयेत. त्यांच्यासाठीं प्रत्येक बाजूनें दुप्पट, म्हणजे आकारमानानें आठपट, अशा ड्यूप्लो नांवाच्या विटा लेगोनें १९६९ सालीं काढल्या. हलक्या मालांत याशिवायहि धोके असतात. ठिसूळ वीट फुटून टोंकदार तुकडा निघतो. स्वस्त रंगांत शिसें अगर कॅड्मियम असूं शकतें. आणि कांहीं डब्यांत लोहचुंबकाचे सुटे तुकडे असतात. असे दोन चुंबक पोटांत गेले तर आंतड्याच्या दोन वेढ्यांना चिमटींत पकडून भोंक पाडतात.

आपल्या देशांत २०१९ सालीं क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियानें बाजारांतून आणलेल्या परदेशी खेळण्यांचे नमुने तपासले, तेव्हां त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश परीक्षेंत नापास झाले. त्यानंतर सरकारनें २०२० सालीं खेळण्यांच्या गुणवत्तेसंबंधीं हुकूम काढला. तो १ जानेवारी २०२१ पासून अंमलांत आला, आणि चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. हें चिन्ह असणें सक्तीचें झालें. त्या चिन्हाजवळ परवान्याचा क्रमांक छापलेला असतो, आणि तो खरा आहे कीं नाहीं हें भारतीय मानक ब्यूरोच्या मोबाइल अ‍ॅपवर कोणासहि पाहतां येतें. डबा घेतांना एवढें पाहण्यास दोन मिनिटें पुरतात. मात्र हें चिन्ह खेळणें निर्धोक असल्याची हमी देतें. विटा एकमेकींत नीट बसतील याची हमी देत नाहीं. ती परीक्षा आपली आपणच केली पाहिजे.

ती परीक्षा अवघड नाहीं. दहा विटांचा खांब करून तो आडवा धरावा. एका विटेवर दुसरी दहा वेळां बसवून काढावी, आणि अकराव्या वेळीं पकड पूर्वींइतकीच आहे का तें पाहावें. डोळे मिटून विटेच्या कडांवरून बोट फिरवावें. पापुद्रा असेल तर लगेच लागेल. दोन लांब पट्ट्या एकमेकींच्या पाठीला पाठ लावून उजेडासमोर धराव्या. मध्यें फट दिसली तर पट्टी वांकडी आहे. शेवटीं एक वीट नाकाशीं धरावी. उग्र वास येत असेल तर ती घरांत ठेवूं नये.

आतां किंमतीचा प्रश्न राहिला, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. अस्सल विटांचा मोठा डबा कित्येक हजार रुपयांना पडतो, आणि मध्यम स्थितींतल्या पुष्कळ घरांना तो परवडत नाहीं. ज्यांनीं हलका डबा घेतला त्यांनीं मुलाच्या प्रेमानेंच घेतला. माझ्या त्या नातलगाला मी कधींहि दोष देणार नाहीं. परंतु मोठा डबा म्हणजे मोठा खेळ हें समीकरण मात्र तपासून पाहावें. आठ गुंड्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा किती प्रकारांनीं जोडतां येतील, याचा हिशेब कोपनहेगन विद्यापीठांतील सोरेन आयलर्स या गणितज्ञानें केला आहे. त्याचें उत्तर ९१,५१,०३,७६५ असें येतें; म्हणजे सहा विटांत एक्याण्णव कोटींहून अधिक रचना सामावलेल्या आहेत! तेव्हां हजार गळक्या विटांपेक्षां पन्नास चांगल्या विटा मुलाला अधिक काळ गुंतवून ठेवतील. शिवाय १९५८ पासून माप बदललेलें नसल्यानें, ज्यांचीं मुलें मोठीं झालीं अशा ओळखीच्या घरांतून वापरलेल्या विटा मिळाल्या तर त्या धुऊन खुशाल घ्याव्या. आणि तेंहि न जमलें, तर साध्या लांकडी ठोकळ्यांची परंपरा आपल्याकडे आहेच. ते एकमेकांत अडकण्याचें वचनच देत नाहींत, म्हणून त्यांनीं रचलेला मनोरा पडला तरी मुलाची फसवणूक होत नाहीं.

शेवटीं माझ्या नातवाच्या पुलाविषयीं सांगतों. उसन्या आणलेल्यांपैकीं एक अस्सल वीट मीं त्याच्या हातांत दिली आणि म्हटलें, "ही तुझी परीक्षक. तुझ्या डब्यांतली एकेक वीट हिच्यावर बसवून पाहा." पलंगाखालचा डबा बाहेर निघाला. सैल विटांचा एक ढीग, घट्ट विटांचा दुसरा, आणि नीट बसणाऱ्यांचा तिसरा, असे तीन ढीग त्यानें दोन तास खपून केले. सैल विटांचा ढीग सर्वांत मोठा झाला, तेव्हां त्यानें माझ्याकडे पाहून विचारलें, "म्हणजे आजोबा, पूल माझ्यामुळें नाहीं पडला?" मीं नाहीं म्हणून सांगितलें. तिसऱ्या ढिगांतल्या विटांनीं त्यानें चित्रांतल्या पुलाच्या निम्म्या लांबीचा एक पूल बांधला. तो आमच्या कपाटावर अजून उभा आहे.

मुलाच्या हातून एखादी गोष्ट पुन्हां पुन्हां बिघडूं लागली तर त्याला बोल लावण्यापूर्वीं त्याच्या हातांतलें साधन एकदां आपल्या हातांत घेऊन पाहावें, एवढी विनंती करून मी आपला निरोप घेतों.